गाणारी बाई कुठे उभी आहे

३ फेब्रुवारी, सोमवार

ताई येणार! पंधरा दिवसांसाठी, असं तीच म्हणते. फोनवर इतक्या सहज बोलली, मला वाटलं दुकानातला दिवा गेला म्हणून सांगतेय — "छोट्या, दुकानाची जागा सोडायला सांगितलंय. दुसरी मिळेपर्यंत गाठोडी तुझ्याकडे टाकते. मागोमाग मीही येते." एक्केचाळीस वर्षं त्याच दुकानात शिवणकाम केलं तिने, मागच्याच खोलीत राहिली. मी म्हणालो, "ये की!" सख्खी बहीण, दुसरं काय म्हणणार?

फोन ठेवला आणि मग घरभर फिरून बघितलं. गाठोडी ठेवायची कुठे? झोपायची खोली ताईला. मी रेकॉर्डींच्या कपाटाजवळ, आतल्या चिंचोळ्या खोलीत पलंग टाकीन. राहिली ऐकायची खोली. तिथे दोन स्पीकर, यंत्रांची मांडणी आणि एक खुर्ची. बाकी काही ठेवायचं नाही, हा नऊ वर्षांचा नियम. आमची ही गेल्यावर मीच केलेला.

त्रेसष्ट वर्षांचा झालो आणि ताईला नाही म्हणता येत नाही अजून.

५ फेब्रुवारी, बुधवार

काम लवकर संपलं. आज फक्त तीन वजनकाटे तपासायचे होते, तिन्ही मापात. (निवृत्त झालो तरी आठवड्यातून तीन दिवस बोलावतात. नवीन मंडळींचा स्वतःच्या डोळ्यांपेक्षा पडद्यावर विश्वास!) येताना कानसेनाच्या दुकानात डोकावलो. जुनी हायफाय यंत्रं दुरुस्त करून विकतो तो. सगळे त्याला तोंडावरच कानसेन म्हणतात, आणि त्यालाही ते आवडतं.

मला बघितल्याबरोबर दार लावून घेतलं पठ्ठ्याने. "तपासनीस, डोळे मिटा." मिटले. "उघडा." — मॅकिंटॉशचा अॅम्प्लिफायर! काळी काच, आत हिरवी अक्षरं उजळलेली, आणि दोन निळ्या चौकटी. आवाज चढला की त्यातले काटे उठतात, पडतात. काट्यांवर जन्म काढलेला माणूस मी. तिथेच विरघळलो.

"पंधरा दिवस घरी न्या," म्हणाला. "पटलं तर ठेवा. बदल्यात तुमच्याकडची तीन यंत्रं मला — मारँट्झ, नाकामिची आणि तो नॅड."

"नॅडसुद्धा?"

"नॅडसुद्धा. त्याशिवाय मला जमायचं नाही."

विचार करतो म्हणालो. नॅड हिने आणलेला.

६ फेब्रुवारी, गुरुवार

काल लिहायचं राहिलं ते लिहितो.

लग्नाला दोन वर्षं झाली होती. दुकानात सगळी चकचकीत यंत्रं मांडलेली. मी एका सोनेरी तोंडाच्या यंत्रासमोर उभा. हिने कोपऱ्यातला नॅडचा अॅम्प्लिफायर दाखवला. मळकट राखाडी, बुटका. "हा घेऊ या. आपण कसे दिसतो याची याला फिकीरच नाही." मी नाक मुरडलं. घरी आणून लावला आणि गप्प बसलो. नॅडचं हेच आहे. जे काही घातलंय ते आत घातलंय, चेहऱ्यावर काही नाही. आवाजाच्या बटणाशी हिने नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला, "इथवर. याच्यापुढे शेजारी येतील."

आणि ती रेकॉर्ड. एक बाई, एक पियानो. बाईचा आवाज जाडसर, वयाने पिकलेला. डावीकडे एक स्पीकर, उजवीकडे एक. आणि बाई दोघांच्या मधे, जिथे काहीच नाही तिथे उभी! हायफायचा सगळा खेळ या एका जागेसाठी आहे. मधोमध नाही, वीतभर डावीकडे. दुसऱ्या कडव्याआधी ती श्वास घ्यायची. सोफ्यावर बसून ही विणत असायची, आणि तिच्याबरोबर हीसुद्धा श्वास घ्यायची. हिला ते ठाऊक नव्हतं. मी कधी सांगितलं नाही, सांगितलं असतं तर थांबली असती.

ही गेल्यानंतर महिन्याभराने रेकॉर्ड लावली. बाई नव्हती. आवाज होता, पण भिंतभर पसरलेला, पातळ, कर्कश. मला वाटलं, नॅड म्हातारा झाला. कानसेनाने उघडून तपासला. ठणठणीत! तेव्हापासून नऊ वर्षं मी यंत्रं बदलतोय. रोज पाच वाजता तीच रेकॉर्ड लावतो. बाई काही येत नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

ताई आली. गाठोडी सतरा! मी पाच-सहा धरून चाललो होतो. अस्तराचं कापड, लोकरीचे तुकडे, कापसाच्या गाद्या, बाह्या, गळे, कुणी नेलेच नाहीत असे कोट. ट्रकवाल्याने दोन्ही भिंतींना आणि मागच्या भिंतीला छातीएवढी रास लावून दिली. शिवाय कापडाचा तो बिनडोक्याचा पुतळा, ज्यावर ती कपडे बेतते. तो स्पीकरच्या मागे कोपऱ्यात.

मी खुर्चीत बसून बघत राहिलो. गोदामात रखवालदार बसल्यासारखं वाटलं.

"पंधरा दिवस रे," ताई म्हणाली. माझं तोंड वाचता येतं तिला.

९ फेब्रुवारी, रविवार

बाई आली!!

दुपारी कानसेन मॅकिंटॉश घेऊन आला, दोघांनी मिळून उचलला, कंबर धरली. तारा जोडून तो गेला. पाच वाजता रेकॉर्ड लावली. टेक्निक्सच्या तबकडीच्या कडेचे ठिपके स्थिर दिसेपर्यंत थांबलो (वेग बरोबर असला की ते फिरता फिरता उभे राहिल्यासारखे दिसतात. आपण मापात आहोत हे स्वतः दाखवणारं यंत्र! म्हणून ते मी कधीच बदललं नाही.) सुई टेकवली. पियानो. आणि मग ती. मधे. वीतभर डावीकडे. उभी!

दुसऱ्या कडव्याआधी श्वास घेतला तिने. मी ऐकला. ओक्साबोक्शी रडलो.

ताई हातात उलथनं घेऊन धावत आली. "काय झालं रे? शॉक बसला?"

"आली, ताई."

"कोण?"

मी समोर बोट दाखवलं. तिने पुतळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि कपाळाला हात लावून ताप बघितला.

११ फेब्रुवारी, मंगळवार

सुट्टी. दिवसभर ताईला माझी यंत्रं दाखवली. तिला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण हाताने केलेल्या कामाची नजर आहे. मारँट्झचं चाक फिरवून दिलं तिला. रेडिओचं स्टेशन लावायचं चाक पुढच्या बाजूला आडवं बसवलेलं, बोटाने ढकललं की आपल्याच वजनाने सुर्रकन फिरत जातं. तिने तीनदा फिरवलं. "माझ्या शिवणयंत्राचं चाक असंच होतं, नवीन होतं तेव्हा." मी खरं सांगितलं — तीन वर्षं ते यंत्र मी केवळ या चाकासाठी ठेवलंय.

नाकामिचीने तर कमाल केली. कॅसेटची एक बाजू संपली की ते कॅसेट बाहेर काढतं, गर्रकन उलटी फिरवतं आणि परत आत घेतं. इतर कंपन्या आतल्या आत दिशा बदलून भागवतात. हे नाही! कॅसेट आपण हाताने जशी उलटी घालतो तशीच घालणार. ताई हसून हसून बेजार. "परत दाखव." पाच वेळा दाखवलं. पाचव्यांदा म्हणाली, "उलटं शिवून सुलटं करायचं, तसं."

मग रेगाच्या रेकॉर्ड प्लेअरची गोष्ट सांगितली. दोन वर्षं घरात होता. वेग बदलायचा तर तबकडी उचलायची आणि खालचा पट्टा हाताने सरकवायचा. "एवढ्या कंपनीला एक बटण लावता आलं नाही?" मी म्हणालो, लावायचं नाही असं ठरवलं त्यांनी, जे गाण्याला लागत नाही ते नाही. ताई म्हणाली, "मग बरोबर आहे. मीही खिशाला उगीच झाकण लावत नाही."

क्वाडच्या स्पीकरबद्दलही सांगितलं. उभे सपाट पडदेच ते, बघणाऱ्याला खोली तापवायचं यंत्र वाटावं. पण माणसाचा आवाज त्यातून पेटीतून आल्यासारखा येतच नाही, खिडकी उघडून समोर कुणी बोलावं तसा येतो. कानसेनाने महिनाभर दिले होते. आणि हे माझे हार्बेथ स्पीकर. साधी लाकडी पेटी, पण बोलणाऱ्या माणसावर जीव असलेल्या लोकांनी बनवलेली.

"मग सगळ्यात चांगली कंपनी कुठली?"

"मॅकिंटॉश," मी म्हणालो. "नऊ वर्षांत कुणाला जमलं नाही ते यांनी केलं."

ताई गाठोड्याला टेकून बसली होती, टाके उसवत.  मग म्हणाली, "वहिनीला आवडलं असतं हे काट्यांचं." घरात कुणी हिच्याबद्दल बोललं त्याला किती दिवस झाले!

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

वाईट वागलो.

पाच वाजता रेकॉर्ड लावली. आवाज घोगरा. सुई उचलून बघतो तर टोकाला निळा धागा! खोलीभर सूत, बोळे, कापसाचे तंतू. मी ओरडलो. खरंच ओरडलो. "ही ऐकायची खोली आहे, गोदाम नाही! किती दिवस चालणार हे?"

ताई दारात उभी होती. "पंधरा म्हणाले होते ना. सहा झालेत." आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. आत जाऊन तिने सूप गरम केलं, माझ्यापुढे ठेवलं, आणि बाहेर गेली. बहुतेक जागा बघायला.

धागा निघाला. सुईला काही झालं नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

ताईला जागा मिळाली. पुढच्या शनिवारी जाणार. "बघ, सात दिवसांत मोकळा तू," असं हसून म्हणाली. मी "घाई काय आहे" म्हणालो, पण फार हळू म्हणालो. ऐकू गेलं नसावं, किंवा गेलं असावं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

ठरलं. मॅकिंटॉश राहणार. कानसेन येऊन बाकीचं घेऊन गेला. मारँट्झचं चाक शेवटचं एकदा फिरवलं. नाकामिचीला ताईने स्वतः बांधलं, जुन्या कोटात गुंडाळून.

नॅड मी पुसला. लाल ठिपक्यापाशी फडकं थांबलं. कानसेनाने विचारलं, "हे काय?" म्हटलं, "शेजारी येतील त्याची खूण."  ताई माझ्याकडे एकटक बघत होती. "नक्की ना रे?" मी म्हणालो, हिलाही गाणारी बाईच हवी होती, डबा नव्हे. तेव्हा ते अगदी पटलं होतं मला.

आता ठीक वाटत नाहीये.

२२ फेब्रुवारी, शनिवार

ताई गेली. गाठोडी गेली. खोली मोकळी! झाडून पुसून लख्ख केली. पुतळा तेवढा राहिला, ट्रकमध्ये मावला नाही. बुधवारी येऊन नेणार.

दमलो होतो, आज रेकॉर्ड लावली ती ऐकली पडल्या पडल्या, आतल्या खोलीतून. उद्या नीट बसून ऐकेन.

२३ फेब्रुवारी, रविवार

बाई नाही.

तीच रेकॉर्ड, तीच सुई, तेच सगळं. निळे काटे नाचतायत. आवाज भिंतभर. तारा काढून पुन्हा लावल्या. स्पीकर फुटपट्टीने मोजले, सुताचा फरक नाही. टेक्निक्सचे ठिपके स्थिर. सहा वेळा लावली.



२४ फेब्रुवारी, सोमवार

कानसेन आला. मॅकिंटॉश उघडला, मोजला, बंद केला. "यंत्र ठणठणीत आहे, तपासनीस." नऊ वर्षांपूर्वी नॅड मिटताना नेमकं हेच म्हणाला होता. जाताना घुटमळला. "एक विचारू? खाली काही अंथरून बघितलंत कधी?" मी फटकारलं त्याला. मागे एकदा त्याने हेच विचारलं होतं तेव्हाही फटकारलं होतं. खोली तीच आहे ना! हिच्या वेळचीच. भिंती काय बदलल्या?

२६ फेब्रुवारी, बुधवार



ताई पुतळा न्यायला आली. दारातूनच हाक मारली, "छोट्या!" आणि थांबली. "अगं बाई, काय घुमतंय हे घर! मी होते तेव्हा नव्हतं असं." खोलीत येऊन तिने मधोमध एक टाळी वाजवली. टाळी भिंतीवरून भिंतीवर आपटली, ट्रर्रर्र! "बघ. वहिनी गेल्यावर सगळं एका फेरीत देऊन टाकलंस ना, त्या दिवशीही अशीच घुमत होती. मी म्हटलं होतं तुला, कपाट तरी ठेव."

मी खुर्चीत बसून बोटांवर मोजू लागलो.

सोफा. लोकरीचं जाजम. खिडकीचे जाड पडदे. पुस्तकांचं कपाट, हिच्या कपड्यांचं कपाट. एका रविवारी सगळं दिलं, कारण बघवत नव्हतं. आणि त्यानंतर रेकॉर्ड लावली! आवाज शोषून घेणारं काही उरलंच नव्हतं. बाई नॅडमधे नव्हती, मॅकिंटॉशमधेही नव्हती. ती सोफ्यामुळे, पडद्यांमुळे उभी राहत होती. मग ताईच्या गाठोड्यांमुळे उभी राहिली. मीच तिला घराबाहेर काढली. दोनदा!

आमच्या कामाचा पहिला नियम — एका वेळी एकच गोष्ट बदला. काटा चुकतोय तर वजन बदला किंवा जागा बदला, दोन्ही एकदम नाही. नव्या मुलांना शिकवतो मी हे, टेबल आपटून आपटून! शनिवारी गाठोडी आली, रविवारी मॅकिंटॉश आला. आणि मी काट्यांकडे बघत बसलो.

ताईला म्हटलं नाही काही. तिने पुतळा काखेत मारला आणि गेली. मी तसाच, चपला घालून, कानसेनाकडे पळालो.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

नॅड परत आला. कानसेनाने तो विकायला ठेवलाच नव्हता, त्याच्या स्वतःच्या टेबलाखाली होता. "तो ठिपका बघून काचेत ठेवायला जिवावर आलं," म्हणाला. मॅकिंटॉश घेऊन गेला, मारँट्झ आणि नाकामिची परत देऊन गेला. एका शब्दाने बोलला नाही. मी त्याला दोनदा फटकारलं होतं, तरी!

आज बसून सगळ्यांची माफी मागितली, मोठ्याने, रिकाम्या खोलीत. क्वाड, तुम्हाला मी पोकळ म्हणालो होतो. रेगा, तुला कोरडा म्हणालो. मारँट्झ, तुला चाकापुरता ठेवला. मॅकिंटॉश, तुला तर देवाच्या जागी बसवलं आणि चौदा दिवसांत तोंडघशी पाडलं. तुम्ही सगळे आपापल्या परीने नेकीने गात होतात. खोली मात्र मी भुंडी करून ठेवली होती.

खोली घुमून घुमून प्रत्येक नाव परत ऐकवत होती.

१ मार्च, शनिवार

ताईची नवी जागा बघायला गेलो. दुसरा मजला, अंधाऱ्या बोळाच्या टोकाला. एक खिडकी, समोर हातभर अंतरावर भिंत. गाठोडी पलंगाखाली, पलंगावर, दाराआड. शिवणयंत्राला जागा पुरत नाही म्हणून दार अर्धंच उघडतं. ताई खुशीत! म्हणजे तसं दाखवत होती.

आणि खिडकीला पडदा. राखाडी-निळा, जाड, खालची शिवण एका जागी हाताने घातलेली, वेडीवाकडी. हिला शिवता येत नसे. मी पडद्याचं टोक हातात धरून उभा राहिलो.

"तुझाच तो," ताई म्हणाली. "दिलास त्या दिवशी गाडीतून काढून घेतला मी. नऊ वर्षं दुकानात, कपडे घालून बघायच्या कोपऱ्याला लावला होता. हजार बायका त्याच्यामागे उभ्या राहिल्या असतील. तुला सांगितलं नाही. तेव्हा सोसलं नसतं तुला."

 काय बोलायचं ते येताना पाठ केलं होतं. पण तोंडातून निघालं ते असं — "ताई, गाठोडी परत पाठवशील का? त्यांच्याशिवाय बाई येत नाही."

शिवता शिवता ती थांबली. "गाठोडी हवीत की मी?"

आणि मी गप्प! क्षणभरच. "दोन्ही," म्हणालो. पण तो क्षण गेला होता. ताईने मान खाली घातली. "बरं. पाठवते."

४ मार्च, मंगळवार

ट्रक आला. सतरा गाठोडी. ट्रकवाल्याने रास लावली, पूर्वीसारखीच. म्हणाला, "बाईंनी सांगितलंय, कापूस दर महिन्याला उन्हात घाला."

ताई नाही.

पाच वाजता नॅड लावला. आवाज लाल ठिपक्यापर्यंत. बाई आली. वीतभर डावीकडे. दुसऱ्या कडव्याआधी श्वास घेतला, अगदी पूर्वीचा, हिच्या वेळचा. नऊ वर्षं ज्याच्यासाठी झुरलो ते सगळं जसंच्या तसं समोर उभं. ऐकून मी सुई उचलली आणि स्वयंपाकघरात जाऊन बसलो. तिथे ताईचा चहाचा कप पालथा घातलेला होता.

५ मार्च, बुधवार

बाई आली. पूर्ण ऐकवलं नाही.

६ मार्च, गुरुवार

बाई आली. ताईने कामाचं कापड इकडे पाठवलंय, मग ती तिकडे शिवते कशावर? हे मला आज सुचतंय! स्वतःचीच लाज वाटली.

८ मार्च, शनिवार

ट्रकवाला म्हणाला, "साहेब, हीच सतरा चौथ्यांदा नेतोय मी." म्हटलं, ने.

दोन मजले आम्ही दोघांनी चढवली. ताई बोळात उभी राहून बघत होती. कंबरेवर हात.

"हे काय आता?"

"गाठोडी नकोत," मी म्हणालो. धाप लागली होती. "तुझी तुझ्याकडे ठेव, विकून टाक, काय हवं ते कर. तू ये. पंधरा दिवसांसाठी नाही. कायमची ये. झोपायची खोली तुझी, शिवणयंत्र ऐकायच्या खोलीत खिडकीशी. धागा सुईला लागला तर लागू दे."

"आणि तुझी ती बाई?"

"ती कुठेही उभी राहू दे. मला एकट्याला सूप गिळवत नाही, ताई."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तिच्याही आलं असावं, कारण तिने पाठ फिरवली. गाठोड्याची गाठ उगीचच सोडली, परत बांधली.

"चौदा तारखेला तुझा आवाज ऐकलाय मी," म्हणाली. "तो विसरायला जरा वेळ लागेल. पंधरा दिवस दे."

दिले. न देऊन करतो काय.

९ मार्च, रविवार

खोली रिकामी. रेकॉर्ड लावली. भिंतभर पसरलेली बाई. शेवटपर्यंत ऐकली.

१३ मार्च, गुरुवार

खिडकीशी शिवणयंत्र मावेल का ते मोजलं. मावेल. उजवा स्पीकर दोन फूट सरकवावा लागेल, म्हणजे सगळं मोजमाप बिघडणार. सरकवला.

१७ मार्च, सोमवार

ताईचा फोन नाही. कानसेनाला घरी चहाला बोलावलं, आधीच्या फटकारण्याबद्दल माफी मागितली. त्याला ते ऐकून संकोच वाटला. जाता जाता एक टाळी वाजवून बघितली आणि तोंड वाकडं केलं. "असू दे," मी म्हणालो.

२० मार्च, गुरुवार

बारा दिवस झाले. पाच वाजता रेकॉर्ड लावली, पण कान दाराकडे.

२३ मार्च, रविवार

ताई आली! पंधराव्या दिवशी, सकाळी. एका हातात पिशवी, काखेत पडदा. "गाठोडी हळूहळू आणू. आधी हा लाव."

मी स्टुलावर, ती खाली धरून. नऊ वर्षांत धुऊन धुऊन आटलेला पडदा खिडकीला आखूड पडला, चार बोटं. खालची ती वेडीवाकडी शिवण उसवावी लागेल, म्हणाली. पण तिनेच पुन्हा निरखून पाहिलं. "नाही. वहिनीची शिवण राहू दे. वरून जोड लावते." मग माझ्या खुर्चीत बसून, पडदा मांडीवर घेऊन, संध्याकाळपर्यंत जोड लावत राहिली. मी खाली फरशीवर, तिला दोरा ओवून देत. लहानपणी देत असे तसा. काय काय बोललो! आई, शाळा, ही, त्या कोपऱ्यात कपडे घालून बघणाऱ्या हजार बायका.

आत्ता लिहायला बसलो तेव्हा लक्षात आलं. पाच केव्हाच वाजून गेले. आज रेकॉर्ड लावायची राहिली.